वाणाची पुस्तकं

रुपाली कधी पुरं वाक्य बोलायची नाही, आणि सुनेची ही खोड वच्छलाबाईंच्या डोक्यात जायची. "आई, ते गॅसवर..." एवढं म्हणून ती स्कूटीला किक मारायची. गॅसवर दूध आहे की वरण, उतरवायचं की ढवळायचं, देव जाणे! दिवसभर वाचनालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून पोरीची जीभ आखडली, असं वच्छलाबाईंचं ठाम मत होतं.

संक्रांतीनंतर रुपालीनं वाचनालयातच हळदीकुंकू ठेवलं. एरवी बायका तिथली पायरी चढत नसत. वाण द्यायला तिनं मानानं सासूलाच बसवलं. "आई, वाण तिथंच टेबलापाशी..." म्हणाली आणि चहाचं बघायला पळाली.

टेबलावर जरीचं कापड, त्यावर नवी कोरी पुस्तकं ओळीनं मांडलेली. हळदीकुंकवाला समोर मांडलेलं असतं ते वाणच, यात विचारायचं काय? वच्छलाबाईंनी नातं पाहून वाटप केलं. अन्नपूर्णाबाई जिवाभावाची, तिला उशीएवढं जाड पुस्तक. तानाबाईनं गेल्या साली वाणात चहाची गाळणी दिली होती, तिला सगळ्यात बारीक.

रुपाली चहा घेऊन आली तेव्हा टेबलावर नुसती जर चमकत होती.

"आई, पुस्तकं?"

"वाटली की!"

"अवं, ते प्रदर्शन होतं! वाणाचे डबे खोक्यात हायेत, टेबलाखाली! उद्या साहेब पाहणीले येऊन राह्यले. नवी पुस्तकं दिसली नाई तं अनुदान बंद. अन् माही नोकरी..."

हे अर्धं वाक्य मात्र वच्छलाबाईंना पुरं कळलं.

"मी घरोघर जाऊन मागून आणतो," रुपाली रडवेली झाली.

"खबरदार! देल्लं वाण परत मागतं का कोणी? गावात तोंड दाखवाले जागा राहीन का मले?"

घरी भाकरी कुणालाच गेली नाही. सुनेची नोकरी सासूनं घालवली, हे गाव जन्मभर चघळणार! शेवटी अंधारातच वच्छलाबाईंनी चपला घातल्या. कुठं जाते, ते कुणाला सांगितलं नाही.

सकाळी साहेब आले. रिकाम्या टेबलासमोर उभे राहिले.

"नवीन पुस्तकं कुठे आहेत?"

"सर, ती..." रुपाली नेहमीसारखी अडकली. कोपऱ्यातून वच्छलाबाईंनी दाराकडे मान वळवली.

तेवढ्यात पायऱ्यांवर कल्ला झाला. सगळ्यात पुढं तानाबाई.

"हे घे तुहं पापडाएवढं पुस्तक! अन्नपूर्णीले जाड अन् मले हे? मी काय पैशाले पासरी हाओ का?"

"घे ना बाई जाड!" मागून अन्नपूर्णाबाई धापा टाकत आली. "धरून धरून मनगट गेलं माहं. मले हलकं पाहिजे."

तिच्यामागं बाकीच्या. कुणाला मोठ्या अक्षराचं हवं होतं, कुणाला चित्रांचं, कुणाला शेजारणीचंच. बघता बघता टेबल भरलं. एक पुस्तक तेवढं कुणाच्या तरी पाहुणीच्या पिशवीतून तिच्या गावी, नांदुऱ्याला गेलं होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. "पुस्तकं बदलायला बायकांची एवढी झुंबड? मी तर कुठंच पाहिली नाही! असेच कार्यक्रम करत जा."

साहेब गेल्यावर रुपाली सासूकडे बघतच राहिली. "आई, काल तुम्ही तानामावशीकडे..."

"गेली होती."

"काय म्हटलं त्याइले?"

"काही नाई. 'तुले बारीक आलं ना तानाबाई, अन् तिकडं अन्नपूर्णीले...' येवढं म्हटलं अन् निंघून आली. बाकीचं तिनं रातोरात गावाले सांगतलं." वच्छलाबाईंनी टेबलाखालचं खोकं ओढून त्यातला एक डबा काखेत मारला. "आईक रुपाले, अर्धं बोलाले बी अक्कल लागते. ते तुले जमत नाई. तू आपली पुरंच बोलत जाय!"