वेल दुसऱ्या मजल्यावर अडला

टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहायला आल्यापासून शीलाताईंनी गिझर म्हणून लावला नव्हता. गच्चीवरची टाकी ते काम आपणहून करत होती. पश्चिमेची भिंत तर संध्याकाळी सातलासुद्धा तव्यासारखी तापलेली असायची.

"अहो, एक मेला सान्वी येतेय. पोरगी भाजून निघेल इथं. एसी घ्या," त्या जानेवारीतच म्हणाल्या.

पण निवृत्त महिपतरावांनी नुकतंच एक व्याख्यान ऐकलं होतं आणि ते अजून उतरलं नव्हतं. "एसी खोली गार करतो आणि बाहेरचं जग तापवतो. मी भिंतीवर भोपळ्याचा वेल चढवतो. नात यायच्या आत तो आपल्या खिडकीला लागला नाही, तर तुझा एसी! शब्द आहे माझा."

त्यांनी खाली आवारात बिया लावल्या, आपल्या ग्रिलपासून जमिनीपर्यंत सुतळ्या सोडल्या आणि रोज दोन बादल्या पाणी घालू लागले. पहिल्या मजल्यावरच्यांनी सुतळीवर मोजे वाळत घातले, तेव्हा हात जोडून विनंती करून आले. तोवर या इमारतीत त्यांना एकाही शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. दारं बंद, नमस्कार फक्त वॉचमनला.

मार्चमध्ये वेल झपाट्यानं दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आणि तिथंच अडून बसला. वर म्हणून येईना. आडवा मात्र असा फुटला, की त्या घराच्या दोन्ही खिडक्या हिरव्यागार झाल्या. महिपतरावांनी शेणखत घातलं, आंबट ताक शिंपडलं, ग्रिलमधून वाकून त्याला प्रेमानं समजावलंही.

"कुणाशी बोलताय?" शीलाताई विचारायच्या.

"वेलाशी. तुझ्यापेक्षा ऐकतो!"

ऐकत मात्र नव्हता.

याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या आवडाबाई वाटी घेऊन वर येऊ लागल्या. मूळच्या इथल्याच गावच्या, मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इमारतीत आलेल्या. सुकट घातलेली त्यांची पालेभाजी महिपतरावांना इतकी आवडली, की बुधवार आला की ते जेवायचं थांबून वाटीची वाट बघत.

तीस एप्रिलला वाटी चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आवडाबाई, ही भाजी बाजारात कुठं मिळते हो?"

"बाजारान कशाला? माझ्या खिरकीन येतं ना! भोपल्याचं कोवलं शेंडं. आयले की खुडतंय."

महिपतरावांच्या घशात घास नव्हता, तरी ठसका लागला. दोन महिने ज्याची वाट पाहिली, तोच शेंडा दर बुधवारी त्यांच्या पोटात जात होता!

सगळा प्रकार कळल्यावर आवडाबाईंनी कपाळावर हात मारला. "मना काय ठाव! मना वाटलं, आपसूक आयलाय. पण माझं घर गार झालंय बघा. नातीला घेऊन दुपारी खालीच या."

एक मेला सान्वी आली. पैज महिपतराव हरले होते, पण एसीवाल्याला फोन करायला शीलाताईंना काही सवड मिळेना. दुपारी सगळे आवडाबाईंकडे. सान्वी हिरव्या खिडकीखाली गाढ झोपायची. पहिल्या मजल्यावरचे मोजेवालेही येऊ लागले. महिपतराव पत्त्यांत रोज हरायचे आणि रोज भांडायचे. शीलाताई कित्येक महिन्यांनी अशा पोट धरून हसत होत्या.

आवडाबाईंनी खुडणं बंद केलं होतं. दोन आठवड्यांनी सकाळी महिपतराव ओरडले, "शीला, धाव! आला!"

ग्रिलला एक कोवळा शेंडा विळखा घालून बसला होता. शीलाताईंनी त्याच्यावरून मायेनं बोट फिरवलं आणि नखानं कट्कन खुडला.

"अगं! एसी हवा म्हणून एवढा राग?"

"एसी कशाला नि वेल कशाला? आपलं घर गार झालं तर रोज खाली जायला निमित्त काय उरेल?"

महिपतरावांनी शेंडा हातात घेतला, पत्त्यांचा जोड खिशात टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"सान्वीला घेऊन ये मागून. आज बुधवार आहे," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.