बिनरंगाच्या ट्रकाचं बारसं

गाडी कशी ठेवावी हे अख्ख्या जळगाव जिल्ह्यानं मगनकडून शिकावं, असं मगनचं मत होतं. आणि हे मत तो कोणी विचारायची वाट न बघता देत असे!

पिंप्राळ्यातल्या त्याच्या घरापुढे तो ट्रक उभा असायचा. छोटाच, पण केबिनपासून मागच्या फाळक्यापर्यंत नुसता स्टीलचा. मगनचा दूध-पनीरचा धंदा. सकाळी हॉटेलांना माल पोचवायचा तो याच गाडीनं; गाडी आहे तर धंदा आहे. म्हणून त्यानं फॅब्रिकेशनवाल्याकडून सगळ्या अंगावर स्टीलचा पत्रा चढवून घेतला. रंगाचा एक थेंब नाही, की अक्षराचा एक काना नाही! पेंटर बिचारा ब्रश घेऊन दोनदा दारात आला.

"मगनभाऊ, निदान मागे 'आईचा आशीर्वाद' तरी लिहून घ्या. ट्रक नागडा दिसतो."

"स्टीलला रंग? तू जेवायच्या ताटाला ऑइलपेंट मारतोस का रे? अरे, ही गाडी नाही, घरातलं भांडं आहे भांडं!"

हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की समोरच्या घरातला पोपट शिकला होता.

मगनचे नियम ऐका. पुसायचं ते धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या सुती फडक्यानं. पुसायचं ते स्टीलच्या रेघेनं, पुढून मागे. गोल गोल हात फिरवला की वलयं उठलीच! बोअरचं पाणी पडलं तर तिथल्या तिथे टिपायचं, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. तारेची घासणी गाडीच्या आसपासही आणायची नाही. लोखंडाचा कण चिकटला की त्याला गंज चढतो. केळीच्या घडांचा ट्रॅक्टर शेजारून गेला तर चीक उडाला का ते वाकून वाकून बघायचं. गाडीच्या पूजेला भटजींनी कुंकवाचं बोट उचललं, तर मगननं वरच्यावर हात धरला, "लांबून दाखवा हो, पोचतं देवाला!"

"माझ्या तोंडाकडे इतकं कधी बघितलं नाही," कामिनी, त्याची बायको, म्हणायची.

"तुझ्या तोंडावर ठसे कुठे उमटतात?"

"उमटवीन एखाद दिवशी. तुमच्या!"

सगळं जग गाडीचं कौतुक करायचं. एक माणूस सोडून. धुळ्याचे नवलराव, मगनचे दाजी! थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे जिभेवर दोन मिरच्या जास्तच. पहिल्यांदा गाडी बघितली आणि भर रस्त्यात म्हणाले, "काय शालकबुवा, रंगाला पैसे कमी पडले का?"

ते वाक्य मगनच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं रुतून बसलं. मग नवलरावांच्या मयुरीचं लग्न ठरलं. लग्न धुळ्याला, मुलगाही धुळ्याचाच. मयुरी म्हणजे मगनची एकुलती एक भाची. त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. मामाचा आहेर म्हणून स्टीलच्या भांड्यांचा अख्खा संच द्यायचं ठरलं, आणि मगननं मनात दुसरंही एक ठरवलं. गाडी अशी चमकवून न्यायची, की दाजींना तिच्यात आपलंच तोंड दिसावं आणि ते मिटावं!

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं ट्रक पुसपुस पुसला. सगळी भांडी हौद्यात नीट रचली. मग आईला, बेबाबाईंना, बजावलं, "आई, भांड्यांवर नाव टाकायला वना येईल. त्याचं झालं की गाडीवर गोधड्या टाकून बांधायला सांग. रस्त्याची धूळ बसता कामा नये!" आणि तो फेटा आणायला गेला. कामिनी मेंदी काढायला गेली.

घरी मागे काय घडलं ते मगनला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्हाला आधीच कळायला हरकत नाही.

भांडं द्यायचं तर त्यावर नाव हवं, ही आपली रीत. बिननावाचं भांडं म्हणजे उसनं आणलेलं! वना कोरायचं मशीन घेऊन आला, तेव्हा बेबाबाई आत मसाला वाटत होत्या. त्या मूळच्या भडगावकडच्या. शहरात राहून पन्नाशी ओलांडली, साठी ओलांडली, पण जिभेनं गिरणेचं पाणी काही सोडलं नव्हतं.

"आजी, नाव कशाकशावर टाकू?"

"स्टीलनं जितलं शे ना, बठ्ठावर टाक रे भो!"

बठ्ठं म्हणजे सगळं! वनानं हौद्यातल्या पराती बघितल्या, डबे बघितले. मग ज्याच्यात ते ठेवले होते त्याच्याकडे बघितलं. तेही स्टीलच की!

"आजी, गाडीवर पण?"

नेमका तेव्हाच आत मिक्सर घर्रर्र करून उठला. बेबाबाईंना ऐकू आलं, "गडवीवर पण?" आता संचात पाण्याची एक छोटी गडवी, म्हणजे लोटाच, होती, ती त्यांनी स्वतः नातीसाठी पसंत केलेली. तिला विसरतो म्हणजे काय!

"तिन्हावर तं पह्यले टाक! चांगलं मोठं, ठसठशीत! दूरथून दिसाले जोयजे!"

वना धन्य झाला. बिचाऱ्यानं जन्मभर वाट्यांच्या काठावर अंग चोरून लिहिलं होतं. एकेक वेलांटी मुंगीच्या पायाएवढी! आज त्याच्यापुढे अख्खं मैदान मोकळं होतं. हातभर अक्षरं त्यानं खडूनं आखली, मशीन लावलं, आणि टर्रर्र, टर्रर्र करत ट्रकच्या उजव्या अंगावर फाळक्यापासून केबिनपर्यंत नाव कोरून काढलं. शेवटी हौसेनं एक मोरही काढला.

बेबाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"हाई काय करं रे?"

"तुम्हीच म्हणालात ना, पहिलं तिच्यावरच टाक!"

बेबाबाईंना वाचता येत नव्हतं, पण नक्षी कळत होती. ऊन त्या अक्षरांवरून केळीच्या पानावरच्या पाण्यासारखं ओघळत होतं. आणि मगनच नाही का रोज म्हणत, गाडी म्हणजे भांडं? मग भांड्यावर नाव हवंच!

"भलतंच शोभी राहिनं!" असं म्हणून त्यांनी गोधड्या काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधड्यांत गुंडाळलेला ट्रक धुळ्याच्या रस्त्याला लागला, तो घुंगट घेतलेल्या नवरीसारखा. काचा तेवढ्या उघड्या. मगन फेटा बांधून स्टिअरिंगवर, शेजारी कामिनी, खिडकीशी बेबाबाई. म्हातारी आपली गालातल्या गालात हसतेय आणि गुणगुणतेय,

"मामा उभा मांडोमा, भाची मनी हासस,
गिरनाना काठवर जसं झाड डोलस."

"आई, आज फार खुशीत आहेस," मगन म्हणाला.

"तुनं नाव मोठं करी दिन्हं रे भाऊ! आखं धुळं देखी!"

आई असं कधी बोलत नसे. "तुझाच आशीर्वाद, आई," मगन म्हणाला, आणि पारोळ्यापर्यंत डोळे पुसत गाडी हाकली.

मंगल कार्यालयापुढे ही गर्दी! नवलराव दारातच उभे. गोधड्या बघून म्हणाले, "शालकबुवा, गाडीला थंडी वाजते की काय? अंगावर रंग नसला की वाजतेच म्हणा!"

"दाजी, या. सगळे या! डोळ्यांवर हात धरा, दिपतील!" मगननं दोऱ्या सोडल्या आणि पुढाऱ्यानं पुतळ्याचा पडदा ओढावा तशा गोधड्या एका हिसक्यात ओढल्या.

धुळ्याचं ऊन पत्र्यावर पडलं आणि लख्खकन उजेड उसळला. मगन लोकांकडे तोंड करून, गाडीकडे पाठ करून, कौतुकाची वाट बघत उभा राहिला. दाजींचा जबडा खाली आला. मग त्यांनी हळूहळू, बालवाडीतल्या पोरासारखं, मोठ्यानं वाचलं,

"चि. सौ. कां. मयुरी हिस... मामा मगन यांजकडून... सप्रेम भेट."

मगन गर्रकन वळला. आधी त्याला वाटलं ऊन लागलं. मग त्याला मोर दिसला.

"दाजी, हे... ते भांड्यांवर... वना..."

पण नवलरावांनी त्याला मिठीच मारली. ज्या माणसानं कधी धड नमस्कार केला नव्हता, तो मगनच्या नव्या फेट्यात नाक खुपसून रडत होता! "मगन, मी तुला काय काय बोललो रे! आणि तू पोरीला अख्खा ट्रक दिलास!" तेवढ्यात आत माईकवर घोषणा झाली, "मुलीच्या मामांकडून स्टीलचा ट्रक! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या अशा पडल्या की वाजंत्रीवाल्यांना वाटलं नवरदेव आला. त्यांनी सुरूच केलं.

गर्दी बाजूला झाली आणि हळदीच्या साडीतली मयुरी आली. तिनं तळहात पत्र्यावर ठेवला. स्टीलमध्ये तिचा पिवळा चेहरा धुक्यातल्या झेंडूसारखा उमटला.

"मामा, या गाडीला तुम्ही मामीलासुद्धा टेकू देत नाही. आणि ती मला?"

मगनच्या डोळ्यांपुढून दुधाचे कॅन एकामागून एक रांगेनं निघून गेले. त्यामागून पनीर गेलं. त्यामागून हॉटेलवाले गेले. एकच वाक्य बोलायचं होतं, 'बेटा, चुकून झालं.' पण त्या वाक्यानं पोरीचं तोंड भर मांडवात एवढंसं झालं असतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुझ्यापुढे गाडी काय गं!"

"उद्या दूध डोक्यावरून नेणार का?" कामिनीनं मागून चिमटा काढला.

"थांबा!" खणखणीत आवाज आला. नवरदेवाचे वडील, धनसिंगआबा! पांढरी टोपी, करड्या मिशा. "मगनभाऊ, आम्ही मुलगी मागितली, गाडी नाही. हुंडा नको, आंदण नको. भांडी घेऊ, मामाचा मान आहे. गाडी तुमची तुम्ही घेऊन जा."

आबांच्या पायावर लोळण घ्यावी असं मगनला वाटलं. 'सुटलो' हा शब्द पोटातून निघून गळ्यापर्यंत पोचलासुद्धा! इतक्यात नवलराव डोळे पुसत, सवयीनं पुटपुटले, "रंग नाही ना. पसंत पडली नसेल."

झालं! मगनच्या डोक्यात फटाक्यांची माळ लागली.

"पसंत नाही? आबा, मामाचा आहेर परत करता? माझ्या गाडीत खोट दाखवा! एक ओरखडा दाखवा! गाडी तुम्हाला न्यावीच लागेल!"

"अहो..." कामिनी.

"तू गप! न्यावीच लागेल म्हणजे लागेल!"

आबांनी मिशांवरून हात फिरवला. जाणता माणूस. "बरं. मान मोडायचा नाही. आजचा दिवस गाडी आमची, वरात तिच्यातून काढू. उद्या सकाळी तीच गाडी आमच्याकडून तुम्हाला परत आहेर. चालेल?"

चालेल? मगनला आबा साक्षात कानबाई देवीसारखे पावले!

पण वरात म्हणजे काय असते ते तो विसरला होता. नवरा-नवरी हौद्यात, करवल्या टपावर, पोरं बॉनेटवर! गुलाल, आईस्क्रीम, चपलांच्या टाचा, शीतपेयाचे फवारे! मगननं खिशातलं सुती फडकं काढलं आणि गाडीशेजारून चालता चालता पुसू लागला. वाकून, उठून, पुढून मागे, पुढून मागे! बेंजोवाल्यानं बघितलं आणि ठेका दुप्पट केला.

"मामा नाचतोय रे, मामा!"

लोकांनी रिंगण धरलं. मगन "बाजूला व्हा, ठसे पडतात!" असं ओरडत होता आणि लोक शिट्ट्या वाजवत होते. फडकं फिरवायची ती तऱ्हा इतकी आवडली, की पुढच्या चौकात नवलरावांसकट सगळे खिशातून रुमाल काढून तसंच नाचत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मानानं किल्ली हातात दिली. गाडी पुन्हा गोधड्यांत बांधून तयार. मयुरी पाया पडली. "मामा, सपाटून धुवून घेतलीय हं!" मगननं डोळे मिटून घेतले. कशानं धुतली, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

"आणि मगनभाऊ," आबा म्हणाले, "कोरी भेट द्यायची आमच्यातही पद्धत नाही." मगनला वाटलं, पाकीट असेल. तो "कशाला, कशाला" म्हणाला आणि निघाला.

पिंप्राळ्यात पोचल्यावर त्यानं हलक्या हातानं गोधड्या सोडल्या. उजव्या अंगाला कालचं सगळं होतं, मोरासकट. होतं ते होतं. भाचीचंच नाव, म्हणून त्यानं फडक्यानं ते पुसलंही, रेघेनं. मग तो डाव्या अंगाला गेला आणि तिथेच पायरीवर बसला.

डाव्या अंगाला नवीन अक्षरं होती. वनाच्या अक्षरांहून हातभर मोठी! धुळ्याच्या माणसानं मोराऐवजी दोन हत्ती काढले होते, सोंडा वर केलेले. कामिनीनं पदर तोंडाशी धरून वाचलं,

"मामा श्री. मदन यांस, समस्त व्याही मंडळी, धुळे, यांजकडून सप्रेम परत भेट."

खोडायची सोय नाही, व्याह्यांचा मान! मिटवायची सोय नाही. घासून काढलं तर पत्राच उरायचा नाही!

बेबाबाई मात्र जवळ गेल्या आणि एकेका अक्षरावरून कौतुकानं बोट फिरवू लागल्या.

"कितलं भारी काढेल शे! पन काय वं कामिनी," त्यांनी मान वळवून विचारलं, "हाऊ मदन कोन शे?"