वीस-पन्नासचं तेल

या, असे जवळ सरका, ब्लँकेट खांद्यावर नीट ओढून घ्या. न्ताते सेखोबेंच्या पिकअपची गोष्ट सांगतो. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात, बाईला म्मे. हसायचं तर पोटभर हसा, पण मनात राग धरू नका. माणूस देवाचा आहे.

लेसोथोच्या डोंगरातल्या त्या गावात पिकअप एकच, आणि ती सेखोबेंची. त्या रविवारी चार वर्षांनी मोरुती, म्हणजे पाद्रीबाबा, लेफोटो येणार होते. हे मोरुती प्रवचन करायला उभे राहायचे आणि तिसऱ्या वाक्याला गायलाच लागायचे. ऐकणारा रडतोय की डोलतोय, त्याचं त्यालाच कळत नसे. पण आता त्यांचे गुडघे गेलेले. बसथांब्यापासून वर चर्चपर्यंतचा चढ त्यांना झेपणारा नव्हता. "मी आणतो त्यांना!" असं सेखोबे भर सभेत छातीवर हात ठेवून म्हणाले होते. गाडी आली नाही, तर मोरुती दुपारच्या बसने तसेच परत जाणार होते.

म्हणून शनिवारी सेखोबेंनी गाडीचं जुनं तेल काढून टाकलं आणि नवं आणायला दुकान गाठलं.

"पाच-तीसचं न्या, न्ताते," दुकानदारीण म्मे पुसेलेत्सो म्हणाली. "थंडीत पातळच बरं."

"पातळ? आजाऱ्याची पेज आहे का ती? वीस-पन्नास दे. दोन्ही आकडे मोठे आहेत."

"गाडीच्या पुस्तकात पातळच लिहिलंय हो," सोबत आलेली बायको मानेओ म्हणाली.

"पुस्तक लिहिणारा खाणीत उतरला होता का? बावीस वर्षं मी पाळण्याच्या चाकाला तेल घातलंय. माणसं खाली न्यायचो, वर आणायचो. पातळ तेल तिथे पाण्यासारखं वाहून जायचं."

"तिथे तुम्ही उघड्या अंगाने घाम पुसत होता. इथे रात्री बादलीतलं पाणी गोठतं!"

"इंजिनाला काय कळतं ते कुठल्या गावात आहे ते?" सेखोबे म्हणाले, आणि घट्टातलं घट्ट तेल घेऊन घरी आले.

इंजिनाला कळलं. रविवारी सकाळी अंगण हिमाने पांढरं झालं होतं. सेखोबेंनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, तर कण्हणंही बंद.

"विचार करतंय," सेखोबे म्हणाले.

मानेओने फावड्यावर निखारे आणून इंजिनाखाली सरकवले. शेजारणीने बॉनेटवर ब्लँकेट टाकलं. सेखोबेंनी त्यावर आपलं लग्नातलं ब्लँकेट घातलं, जे त्यांनी सासऱ्यालाही कधी हात लावू दिलं नव्हतं. गाडी आता बाळंतिणीसारखी दिसत होती, पण हलत नव्हती.

"ढकला!" कोणीतरी म्हणालं.

गायकमंडळातल्या बाया पदर खोचल्यासारखी ब्लँकेटं कमरेला बांधून मागे उभ्या राहिल्या. गाण्याच्या ठेक्यावर जोर लावला. उतारावर गाडीने वेग घेतला. सेखोबेंनी गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन फिरायच्या ऐवजी चाकंच जाम झाली आणि गाडी खडीवर फरफटली. घाबरून त्यांनी गिअर काढला. गाडी पुन्हा धावली. पुढे गाडी, मागे धावणाऱ्या बाया, त्यांच्यामागे मजा बघायला अख्खं गाव.

बसथांब्यावर मोरुती नुकतेच उतरले होते. सेखोबेंनी ब्रेकवर उभं राहून गाडी त्यांच्या पुढ्यात थांबवली.

"वा, न्ताते! काय गाडी आहे! आवाज म्हणून नाही!"

"सगळी... देवाची कृपा," सेखोबे म्हणाले आणि वर चढाकडे बघून त्यांना घाम फुटला.

मानेओने नवऱ्याचा चेहरा पाहिला. "मोरुती," ती धापा टाकत म्हणाली, "सगळं गाव इथेच आलंय. गाणं इथेच होऊ दे की!"

मोरुतींनी तिसऱ्या वाक्याला सूर लावला. विषय होता, चूक कबूल करणारी जीभ. दोन तास ते गात होते. ऊन वर आलं, हिम वितळलं, बॉनेट तापलं. सगळ्यांत जास्त रडले ते सेखोबे.

शेवटी मोरुतींना वर जेवायला न्यायचं म्हणून गाडीत बसवलं. सेखोबेंनी डोळे पुसले. आता लपवायचं नाही.

"मोरुती, मला एक कबूल करायचंय..." म्हणता म्हणता सवयीने त्यांचा हात किल्लीवर गेला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"बोला न्ताते, काय कबूल करायचंय?"

सेखोबे क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मागच्या हौद्यातून मानेओ काचेला नाक लावून बघत होती.

"हेच की... तेल वीस-पन्नासचं आहे."

"असं होय! थांबा, लिहून घेतो. पुढच्या आठवड्यात आमच्या मिशनला अशीच गाडी मिळतेय."

मोरुतींचं मिशन त्या गावाहूनही उंचावर आहे. तिथे हिवाळ्यात दुपारीही बर्फ असतो. तेव्हा आज प्रार्थनेला बसाल तर मोरुतींच्या शेजाऱ्यांची तेवढी आठवण ठेवा. गाडी ढकलायची त्यांनाच आहे, आणि मोरुतींच्या दारातून निघणारा रस्ता चढाचा आहे.