एका गोलाचं सुतक

आमचे घरमालक मोहिते अण्णा फुटबॉलचं सुतक पाळतात. यात माझ्या पदरच्या एका अक्षराचीही भर नाही. त्यांचा संघ हरला की अण्णा दाढी करत नाहीत, देवाला हात लावत नाहीत, पलंग सोडून चटईवर झोपतात आणि फोडणीचं खात नाहीत. जितक्या गोलांनी हार, तितके दिवस सुतक. सामना बरोबरीत सुटला तर लांबच्या नातेवाइकाची बातमी आल्यासारखी एक आंघोळ करून मोकळे. जिंकल्यावर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "आठवाय लागंल, अक्का," असं म्हणून ते खरंच आठवत बसले.

तो संघ म्हणजे सातासमुद्रापलीकडचा एखादा नामांकित क्लब असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. अण्णांचा संघ आहे केरेकोडी युनायटेड. हलसूरच्या तळ्यामागच्या आठ-दहा गल्ल्यांबाहेर हे नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि गल्ल्यांच्या आतही ते कुणी मोठ्याने घेत नाही. शहराच्या लीगमध्ये हा संघ खालून दुसऱ्या गटात खेळायचा. खेळायचा हे आपलं म्हणायचं. त्यात एक घरं रंगवणारा आहे, दोन फ्रिज दुरुस्त करणारे आहेत आणि शाळेतले एक पी.टी. मास्तर आहेत, जे धावतात कमी आणि धापा जास्त टाकतात. गोलकीपर दत्तू राव चिकपेटमध्ये साड्यांच्या दुकानात कामाला आहे. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या, यात त्याची बोटं इतकी मऊ झाली आहेत की चेंडू त्यांतून सुळकन निघून जातो.

मी पुण्याची, नोकरीसाठी या कानडी शहरात आलेली. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करते, आणि घरी आले तरी ही सवय सुटत नाही असं आई म्हणते. आधी मारतहळ्ळीत राहायचे. तिथल्या ट्रॅफिकला विटून, मेट्रो जवळ म्हणून हलसूरला आले आणि अण्णांच्या घराचा वरचा मजला घेतला. मराठी मालक मिळाला म्हणून आईला कोण आनंद झाला. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, "आमी चारशे वर्षांमागं घोड्यावरनं आलो. तुमी?" मी म्हणाले, "रात्रीच्या बसने." त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

महिन्याभरात पाण्याच्या मोटरचं काहीतरी विचारायला मी खाली गेले, तर अण्णा दारातच दोन पावलं मागे सरकले. दाढीचे खुंट वाढलेले, खांद्यावर पंचा, डोळे ओढलेले. "लांबनंच बोला अक्का, सुतक हाय."  अण्णा एकटे राहतात, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, एवढं मला ठाऊक होतं. आता आणखी कोण गेलं असेल? अशा घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी डबा न्यायचा असतो, हे वळण आईने लावलेलं आहे. चालू मीटिंग सोडून मी पिठलं-भात केला, डबा खाली नेला आणि चेहरा जमेल तितका पाडून विचारलं, "कोण गेलं, अण्णा?"

"केरेकोडी," ते म्हणाले. "एक-चार."

मला वाटलं, माणूस दुःखाने भ्रमिष्ट झाला. मग त्यांनी तिसरा गोल कसा ऑफसाइड होता ते चमच्याने ताटातल्या पिठल्यावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर लॅपटॉपवर माझ्या नावाचा पुकारा चालला होता आणि मी इथे तीन गोलांच्या दुखवट्याला बसले होते. "पिठलं छान हाय," अण्णा म्हणाले, "फोडणी नसती तर सुतकाला चाललं असतं." असं म्हणून त्यांनी ते सगळं संपवलं.

त्या दिवसापासून मी अण्णांकडे जरा वरूनच बघायला लागले. गल्लीने मात्र हा प्रकार अंगवळणी पाडून घेतला आहे. रविवारी संध्याकाळी अण्णा मैदानावरून परत येताना कोपऱ्यावरचा फुलवाला कानडीत विचारतो, "अण्णा, नाळे हूवु बेका, बेडवा?" उद्या फुलं हवीत की नकोत, एवढंच त्याला हवं असतं. अण्णा न बोलता बोटं वर करतात. जितकी बोटं, तितके दिवस त्यांच्या देवांना फुलं नाहीत. देवांनी या बाबतीत काही हालचाल करायला हवी होती असं मला वाटतं, पण देवही बहुधा दुसऱ्या संघाकडून असावेत.

मी स्वतः फुटबॉल बघते, हे इथे सांगायला हवं. पण बघण्यासारखं फुटबॉल. इंग्लंडमधला एक संघ मला आवडतो. त्याच्या आधी स्पेनमधला एक आवडायचा, आणि कॉलेजात असताना जर्मनीतला. जो हरायला लागला त्याला मी सोडलं. मला कामं आहेत, रविवार एकच असतो आणि रडायला माझ्याकडे ऑफिस आहे. हे तत्त्वज्ञान मी अण्णांना एकदा जिन्यात ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सोडाय ते काय भाड्याचं घर हाय?" ते म्हणाले. भाडेकरूच्या तोंडावर हे म्हणायला माणूस किती निर्मळ किंवा किती खडूस असावा लागतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असतं. संघाचा सेक्रेटरी म्हणाला, अण्णा, आता वय झालं, ऊन लागतं, मैदानावर येऊ नका. "सोडाय ते काय भाड्याचं घर हाय?" डॉक्टरांनी चहा सोडायला सांगितला, तेव्हाही हेच. सरकारी छापखान्यात तीस वर्षं एकाच यंत्रावर काढलेला माणूस. त्याच्या डोक्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा छापली जात असेल तर नवल नाही.

मागच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्याला अण्णा मला घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे जिना चढून वर आले, गुडघा चोळत उभे राहिले आणि म्हणाले, "माणसं कमी हायत, अक्का. ओरडाय स्वल्प आवाज हवा." सामना बरोबरीत सुटला असता तरी केरेकोडी आपल्या गटात टिकणार होतं. हरलं तर सगळ्यात खालच्या गटात, ज्याच्या खाली फक्त जमीन आहे. मी गेले ती सहानुभूतीने नव्हे. एवढ्या सुतकांचा उगम एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून गेले.

मैदान एकच, पण त्यावर शेजारी शेजारी दोन सामने चालू होते. मध्ये चुन्याची एक रेघ. या सामन्याचा चेंडू त्या सामन्यात जायचा, तिथले खेळाडू तो परत लाथाडायचे आणि कुणालाही त्यात गैर वाटत नव्हतं. आमच्या बाजूला प्रेक्षक सोळा, त्यांतले दोन वाट चुकलेले. अण्णा रेघेवर उभे राहून ओरडत होते आणि मला कोपराने ढोसत होते. मीही ओरडले. काय ओरडले ते सांगणार नाही, पुण्यात माझी काही प्रतिष्ठा आहे.

आणि नवल म्हणजे शेवटची तीन मिनिटं उरली तरी एक-एक अशी बरोबरी होती. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं. दत्तूने एक चेंडू चक्क अडवला, छातीशी धरला. तेवढ्यात शिट्टी वाजली. दत्तूला वाटलं, आपल्याला फाऊल मिळाला. त्याने चेंडू खाली ठेवला, नीट, साडीची घडी ठेवावी तसा, आणि लाथ मारायला चार पावलं मागे गेला. शिट्टी शेजारच्या सामन्याची होती. समोरच्या संघाचा एक पोरगा सावकाश चालत आला आणि त्याने चेंडू आत ढकलला. त्याला धावावंसुद्धा लागलं नाही.

एक-दोन. शेजारच्या सामन्यातले लोकसुद्धा हसायला थांबले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दत्तूने हातमोजे काढून गोलच्या रेघेवर ठेवले आणि कुणाकडेही न बघता बाहेर चालू लागला. सेक्रेटरी वैतागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की, दत्तू गेला तर दोघं फ्रिजवाले जाणार, ते त्याच्याच भरवशावर येतात. मग अकरा माणसं भरत नाहीत आणि संघाचं नाव काढून घ्यावं लागेल. शुक्रवारपर्यंत पुढच्या हंगामाची यादी द्यायची होती.  अण्णा रेघेपर्यंत चालत गेले, वाकले आणि हातमोजे उचलले.

गणित सोपं होतं. एका गोलाची हार, एक दिवसाचं सुतक. फुलवाल्याने विचारलं तेव्हा मात्र अण्णांनी बोट वर केलंच नाही.

सोमवारी मी घरून काम करत होते. सकाळी गच्चीत कपडे वाळत घालायला गेले, तर सावलीतल्या दोरीवर ते हातमोजे चिमट्यांना लटकत होते. खालून मोहरीच्या फोडणीचा वास येत होता. खाली जाऊन डोकावले तर अण्णा दाढी करून, आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरात उभे. मला खरं तर विजयी वाटायला हवं होतं. आला शेवटी माणूस ताळ्यावर, मी मनात म्हटलं. सगळ्यांसारखेच निघाले, हरणाऱ्याला सोडणारे.

"सुतक नाही वाटतं आज?" मी शक्य तितक्या पुणेरी आवाजात विचारलं.

"कसं पाळणार?" अण्णा डब्याचं झाकण लावत म्हणाले. "सुतकात दुसऱ्याच्या घरी जाता येत नाय. दत्तूच्या घरी चूल पेटलेली नसंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एक डबा धराल? गुडघा ऐकत नाय."

मी धरला. नाही कसं म्हणणार?

दत्तूचं घर दोन गल्ल्या सोडून. त्याची बायको मंजुळा दार उघडून बाजूला झाली. कालपासून काही खाल्लं नाही, दुकानातही गेले नाहीत, असं तिने हळूच सांगितलं. दत्तू भिंतीकडे तोंड करून पडला होता. अण्णा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघ्यामुळे बसायलाच त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी हातमोजे त्याच्या उशाशी ठेवले.

"धुतलेत," ते म्हणाले. "उन्हात नाय, सावलीत वाळवलेत."

"मी येणार नाय, अण्णा," दत्तू भिंतीलाच म्हणाला. "माझ्यामुळं टीम मेली."

"मेली नाय. खाली गेली."

"सगळे हसले."

"हसू दे की."

अण्णांनी उशाशी ठेवलेले हातमोजे नीट जुळवले. मग अण्णा बोलले, ते मात्र त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं.

"दत्तू, आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्यासाठी दहा दिवस रडलो. अकराव्या दिवशी लोक म्हणाले, आता पुरे, अण्णा. मग मी कदी रडायचं? तुमी हरता तेव्हा घरात बसून रडाय मला कारण तरी मिळतंय. कारण नसताना रडलो तर येडा म्हणतील. आणि रविवारी तुमी आठ-दहा जण माझ्याशी बोलता. बाकीचे सहा दिवस कोण हाय? तू सोडलास तर मी रविवारी कुठं जाऊ, तेवढं सांग."

मी दाराशी डबा धरून उभी होते. सहा दिवस कोण हाय, असं ते म्हणाले तेव्हा माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्या हिशेबात मी नव्हतेच. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

दत्तू उठून बसला. डोळे सुजलेले होते. "पुढच्या टायमाला पण हरणार आपण, अण्णा."

"मग हर की. मी कुठं जिंक म्हणतोय?"

दत्तू हसला की रडला ते कळलं नाही, पण तो मोरीवर जाऊन तोंड धुऊन आला. मंजुळाने चार ताटं मांडली. अण्णांनी भात दोनदा मागून घेतला, सांबारात मीठ कमी झालं म्हणून स्वतःलाच नावं ठेवली, फ्रिजवाल्यांना कोणी कधी फोन करायचा ते ठरवलं, आणि मंजुळा काहीतरी म्हणाली त्यावर तोंडात घास असतानाच मोठ्याने हसले. माणसांत बसून जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते, आणि एकदाही त्यांना वर जेवायला बोलावलं नव्हतं.