आरेबाई

अहेरीच्या चौकात रामटेकेबाईंनी एकदा सिरोंच्याला निघालेली काळीपिवळी आडवा हात करून थांबवली. आत माणसं, पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या. ड्रायव्हरला वाटलं, बाईंना जायचंय. बाईंनी काचेवरच्या तिरंग्याच्या स्टिकरवर बोट ठेवलं.

“आरे मोजले काय?”

“कोनते आरे, बाई?”

“मधातल्या चाकाचे. मोज.”

त्याने मोजले. अठरा भरले.

“चोवीस पाहिजे. काढ थो.”

“बाई, पाऊस येऊन राह्यला. सवाऱ्या खोळंबल्या.”

“मंग लवकर काढ.”

स्टिकर नखाने खरवडून निघाला, तेव्हाच बाई बाजूला झाल्या.

या माझ्या शेजारीण. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. नवरा लवकर वारला, एकच मुलगा, सुमेध. गाव त्यांना पाठीमागे ‘आरेबाई’ म्हणायचं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पंधरा ऑगस्टला उस्मानभाईंच्या दुकानात तिरंगी बर्फी लागायची. एका वर्षी हिरवा थर वर आला. बाईंनी अख्खी परात उलटी करायला लावली.

“पोटात गेल्यावर काय वरतं न काय खालतं, बाई?” उस्मानभाई म्हणाले.

“पोटातलं मले दिसत नाई. परातीतलं दिसते.”

वर्गात त्या सांगायच्या, “पांढरा पट्टा म्हंजे रंगवाचा राहून गेलेला कागद नाई. दोघं भांडू नये म्हणून मधात बसलेली मोठी बहीण हाय थे.” चाकावर मात्र त्यांचा वेगळाच जीव. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांनी स्वतः रंगवलेलं धम्मचक्र होतं. मला म्हणायच्या, “भाऊ, हे आमच्या घरचं चाक झेंड्यावर गेलं. म्हणून वाकडं पाहावत नाई.”

सुमेध पोलिसात लागला, आत जंगलातल्या ठाण्यावर. सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर बसून हसायचा. “काका, झेंडा बांधाचा असला का साहेब मलेच हाक मारते. आईचं नाव तिथीपर्यंत गेलं.”

मागच्या उन्हाळ्यात जंगलातल्या रस्त्यावर सुरुंग फुटला. सुमेध गेला.

पेटी दारात आली ती बंदच. ‘उघडू नका’ एवढंच सोबतच्या साहेबांनी सांगितलं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीवर झेंडा होता. गाडीतून उतरवताना तो सरकून तिरपा झाला होता आणि एक कोपरा लोंबत होता. हे सगळ्यांना दिसलं, आणि सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या. आवाज नेहमीचाच, वर्गातला.

“साहेब, डोस्कं कोनत्या बाजूनं हाय?”

साहेबांनी सोबतच्या शिपायाकडे पाहिलं. शिपाई खाली पाहत होता. मग साहेबांनी हळूच एका टोकाकडे हात केला.

बाईंनी केशरी पट्टा त्या टोकाला घेतला. चारी बाजू सारख्या केल्या. मग तळव्याने चुण्या काढत बसल्या, काढतच राहिल्या. शेवटी माझ्या बायकोने त्यांना धरून मागे आणलं.

अग्नी द्यायच्या आधी झेंडा उतरवून, घडी करून त्यांच्या हातात दिला. तो कपाटात पांढऱ्या कापडात आहे. भेटायला येणारे मागतात, बाई काढून दाखवतात. परवा त्यांचे वडशाचे एक नातेवाईक आले होते. त्यांनी तो कपाळाला लावला. म्हणाले, “आमच्या सुमेधच्या अंगावरचा हाय.”

बाईंनी चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. परत येऊन माझ्यासमोर बसल्या.

“अंगावरचा नाई, भाऊ. पेटीवरचा. माह्या लेकराले त्याचा धागाही लागला नाई.”

त्या उठल्या आणि पलंगाच्या उशाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत विटलेला, चुरगळलेला टॉवेल होता.

“मागच्या सुट्टीत आंघोळ करून खाटेवर टाकून गेला. धुवाले काढला होता मी. राह्यला.”

मी हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी मागे घेतली. तोंड पिळून गाठ मारली, वर आणखी एक मारली.

“मी बी जास्त उघडत नाई,” त्या म्हणाल्या. “वास उडून जाते.”