अण्णा वाघमोडे यांचा संशय

कंपनीनं पेढा वाटला की आमच्या लाइनवरचे सगळे तो तोंडात टाकतात. अण्णा वाघमोडे तो कागदात गुंडाळून खिशात घालतात. "आधी बातमी कळू द्या, मग तोंड गोड करू," असं त्यांचं म्हणणं. एका वर्षी पेढे वाटल्यावर महिन्याभरात रात्रपाळी बंद झाली होती. तेव्हापासून मॅनेजमेंटचं गोडधोड अण्णांनी लगेच तोंडात टाकलेलं नाही.

अण्णा मूळचे माळशिरसकडचे. गाड्यांच्या सांगाड्याला वेल्डिंग करण्यात त्यांची हयात चाकणमध्ये गेली. मी त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, आणि रहाटणीत आमच्या दोघांच्या बिल्डिंगा शेजारी शेजारी. त्यामुळे सकाळी कंपनीच्या बसमध्ये अण्णांचा संशय सगळ्यात आधी माझ्या कानावर पडतो. त्याची सुरुवात ठरलेली असते : "माने, काहीतरी शिजतंय."

कंपनीनं नवे सेफ्टी शूज दिले, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पळवणार आपल्याला." कँटीनमध्ये शोभेच्या कुंड्या आल्या तर म्हणाले, "पाव्हणे बघायला येणारेत. कंपनी विकायला काढली." नवीन एचआरवाला पोरगा भाषणात म्हणाला, आपण सगळे एक फॅमिली आहोत. अण्णांनी माझ्या कानात सांगितलं, "घरातल्या माणसाच्या गळ्यात कुणी फोटोचा बिल्ला अडकवतं का, माने?"

यातलं निम्मं खोटं ठरायचं. पण निम्मं खरं ठरायचं, आणि तिथंच आमची पंचाईत होती.

मग वेल्डिंग शॉपमध्ये रोबो आला. पिवळा जर्द, एका हाताचा, चारी बाजूंनी जाळी. साहेबांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवसापासून अण्णा जाळीजवळ उभं राहून एक शब्द बोलेनात. आम्हालाही बोलू देईनात.

"अण्णा, त्याला कान नाहीत," मी म्हणालो.

"भिंतीला तरी कुठं असतात?"

महिन्याभरानं नोटीस लागली. पंचेचाळिशीच्या पुढच्या कामगारांसाठी ट्रेनिंग : रोबो चालवायचा कसा, बिघडला तर बघायचं कसं. दुपारी वर्ग, पगार चालू. दारावर फलक लागला, 'उद्याच्या कामासाठी आजच तयार'.

अण्णा फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. "उद्याचं काम म्हणजे कुणाचं काम, ते नाही लिहिलं," म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सभाच भरवली. "कोंबडीला दाणे टाकतात ते तिला भूक लागली म्हणून न्हाई. या वर्गात कोण ढ आहे ते कळणार त्यांना, आन् ढ लोकांची वेगळी यादी होणार." ऐकून माझ्यासकट निम्म्या लोकांनी बेत रद्द केला.

आणि पुढच्याच आठवड्यात अण्णांनी स्वतः जाऊन नाव दिलं.

शॉपमध्ये एकच खळबळ. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, त्यांच्यावर आता सगळे संशय घेऊ लागले. अण्णा मॅनेजमेंटला मिळाले, असं उघड बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणे सुपरवायझर होणार, कुणी म्हणे आमच्या बातम्या वर जाणार. अण्णा आले की कँटीनचं टेबल गप्प व्हायचं. मलाही वाटलं, यात काहीतरी गोम आहे. ती कळावी म्हणून मीही नाव देऊन टाकलं.

वर्गात अण्णा पहिल्या बाकावर. मास्तर बोलायचे थांबले की अण्णांचा प्रश्न तयार : "हे असं का?" मास्तरांवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट ते तीनतीनदा तपासून घ्यायचे. परिणाम असा की सगळ्यात आधी सगळं त्यांनाच कळायला लागलं.

याच सुमारास दाताच्या दुखण्यासाठी मी एक दिवस रजा टाकून चिंचवडला गेलो. दवाखान्याच्या खाली एक अभ्यासिका आहे. पायऱ्यांवर एक मुलगी डबा खात बसली होती. अण्णांची स्वाती. वहिनी गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. स्वाती माण गावातल्या आयटी कंपनीत आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. मला बघून तिनं डब्याचं झाकण लावलं.

"काका, आज घरून काम आहे," ती म्हणाली. घर तिथून बरंच लांब होतं. मी बरं म्हणून दवाखान्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी विषय काढला. "अण्णा, काल चिंचवडला स्वाती दिसली."

"हां. तिचं एक ऑफिस आता तिकडं पण हाय," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"ती अभ्यासिका होती, अण्णा."

नाशिक फाट्याला त्यांनी मागच्या सीटवर कोण आहे ते वळून बघितलं. मग विचारलं, "कुणाला बोललात?"

"नाही."

"घरी?"

"घरीही नाही."

"मग नका बोलू." त्यांनी आवाज खाली घेतला. "दिवाळीनंतर तिची कॅब यायची बंद झाली. म्हणाली, बसनं बरं पडतं. मी म्हटलं, बरं. मग गळ्यातला बिल्ला दिसेना. म्हणाली, बॅगेत ठेवलाय. मी म्हटलं, असू दे."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं? रोज सकाळी उठून जाते, संध्याकाळी दमून येते. काम शोधणं हे काम न्हाई का? तिला वाटतं, बापाला कळलं तर बाप खचंल. तेवढं वाटू दे तिला." मग म्हणाले, "घरात एकाची तरी नोकरी टिकाया पाहिजे. कोंबडी तर कोंबडी."

ज्या माणसाला पेढ्यावर भरवसा नव्हता, तो माणूस मुलीची प्रत्येक थाप पुरती ओळखून मान डोलवत होता.

त्या रविवारी संध्याकाळी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते आणि स्वाती समोर उभी राहून त्यांना शिकवत होती.

"हे बघा, रोबोचा हात आपल्यासारखाच. हा खांदा, हे कोपर, हे मनगट. प्रत्येक सांधा वेगळा वळतो. कळलं?"

"न्हाई कळलं," अण्णा म्हणाले. "पुन्यांदा सांग."

मी पत्रिका हातात धरून तसाच उभा राहिलो. शुक्रवारी वर्गात मास्तरांनी हाच धडा घेतला होता. मास्तर अडखळले, तेव्हा अण्णांनीच उठून आम्हा सगळ्यांना तो समजावून दिला होता.

स्वातीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ओट्यावरचं उलथनं आणून ते हातात धरून दाखवलं. अण्णांनी मुद्दाम खांद्याला कोपर म्हटलं, तेव्हा ती हसायला लागली. कितीतरी दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"काका, इतकं साधं यांना कसं कळत नाही हो?" तिनं मला विचारलं.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो. "तू आहेस म्हणून बरंय."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाही वर सारून आपला भाजल्याच्या डागांनी भरलेला हात तिच्यापुढं केला.

"मनगट कुठपर्यंत, ते जरा धरून दाखव," ते म्हणाले.