न आलेल्या गाड्यांचे शिवलकर

न आलेली गाडी 'लागली' म्हणून जाहीर करणारा माणूस मी एकच पाहिला. रत्नागिरी स्टँडवरचे आमचे शिवलकर. माइकवर त्यांचा आवाज घुमायचा, "जयगड गाडी फलाटावर लागलेली आहे!" बोचकी, कोंबड्या, पोरं सावरत माणसं धावायची. फलाटावर फक्त एक कुत्रं झोपलेलं असायचं.

"अहो शिवलकर, गाडी कुठाय?"

"वायच थांबा. आवाज आला ना!"

आवाज खरंच आलेला असायचा, कँटीनच्या स्टोव्हचा.

मी शेजारच्या टेबलावर टाइपिंग करायचो. एक कळ दाबली की शिवलकर दचकायचे. दुसरी दाबली की पुन्हा तितकेच.

"सवय करा हो आता," मी म्हणायचो.

"कशी करू, भाऊ? प्रत्येक टक् नवीनच वाटतो!"

डॉक्टरांनी सांगितलं, "झोप नाही तुम्हाला. जागरणानं मेंदू आवाज गाळायचं विसरतो. झोपा."

"बघू," शिवलकर म्हणाले.

एकट्या माणसाला कसलं जागरण? आम्ही चावट अंदाज बांधले. सगळ्यात चावट माझा. त्याला वजनही होतं, कारण मी आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई त्यांच्याच शेजारी राहायचो. मध्ये नुसती फळ्यांची भिंत.

मग एकदा त्यांच्या घोषणेवर धावताना एक म्हातारी पडली. साहेबांनी रिपोर्ट मागितला. तो मी टाइप केला, आणि 'जागरणाचे कारण खाजगी व संशयास्पद' हे वाक्य पदरचं घातलं. साहेब हसतील म्हणून. आज पहिल्यांदाच हे सांगतोय. साहेब हसले नाहीत. शिवलकरांचा माइक गेला आणि मंडणगडला बदली झाली.

निघायच्या दिवशी ट्रंक टपावर चढली. शिवलकरांनी खिडकीतून मला खूण केली. रिपोर्ट वाचला असणार, मी ओळखलं. माफी मागायची असं ठरवून जवळ गेलो.

"भाऊ, एक सांगायचं राहिलं. तुमच्या आई रात्री हाक मारतात. जाग आली की घाबरतात हो. तुम्ही गाढ झोपेत असता. मी फळीआडून नुसतं 'आहे, आहे' म्हणतो. मग झोपतात. पाच-सहा वेळा होतं रात्रीतून. उठायला नाही लागत."

कंडक्टरनं घंटी दिली, तसे ते दचकले. मग बाहेर वाकून हळूच म्हणाले,

"त्यांना वाटतं, तुम्हीच बोलता. तेवढं तसंच राहू द्या."